व्यवसाय : घरकाम? (लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या माझ्या सासूबाई, आणि एक विचारायचं आहे)

बांधावरची

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

दीड महिन्यापूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, मीही तेच म्हणायची. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते म्हणून धाकटे दीर आणि मी ग्रामपंचायतीत गेलो. नाव, वय, तारीख झाली. मग विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" आणि मीच पटकन म्हणाले, "लिहा, घरकाम."

दुसऱ्या कुणी नाही, मी म्हणाले. त्यांच्याबरोबर वीस वर्षं एका बांधावर राबलेल्या सुनेनं. घरी आल्यावर अंगणात त्यांचं खुरपं दिसलं. त्याची मूठ त्यांच्या हाताच्या मापाने झिजलेली आहे, माझ्या हातात ते खुरपं नीट बसत नाही. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे.

त्यांच्याबद्दल सांगते.

1971 साली लग्न होऊन त्या या घरात आल्या, वय असेल सोळा. पुढच्याच वर्षी दुष्काळ. हातावरची मेंदी जाते न जाते तोच दुष्काळी कामावर खडी फोडायला बसल्या. तिथे सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायच्या, कारण घरात दोन लहान दीर होते. "दगड कुटं फुटतंय ते बघायचं असतंय, जोर लावून उपेग न्हाई," असं त्या म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्या वरवंट्याचा टवका एका टोल्यात काढायच्या.

शेतीतलं त्यांचं खास काम म्हणजे चाड्यावर मूठ धरणं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिफणीच्या तीन नळ्यांवर वर लाकडी वाटीसारखं चाडं असतं. मागून चालणारी बाई मुठीतलं बी त्यात सोडते. मूठ जरा सैल पडली की बी दाट पडतं, घट्ट झाली की तास रिकामा जातो. बैल थांबले की मूठ थांबली पाहिजे, बैल चालले की चालली पाहिजे. आत्यांच्या उजव्या तर्जनीच्या कडेला घट्टा होता. बी अंगठ्याने ढकलून त्या कडेवरून सोडायच्या. पंधरा दिवसांनी उगवण बघायला गेलं की तास सुताने आखल्यासारखे दिसायचे. गावातले चार-पाच जण पेरणीला त्यांना बोलावून न्यायचे. सातबाऱ्याचा उतारा मात्र पुरुषांच्या नावाचा, आणि "यंदा पेरा कुणी केला?" असं विचारलं की तिफण हाकणाऱ्याचं नाव सांगायचे.

आमच्या सासऱ्यांच्या शर्टाला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या लक्ष्मी मुक्तीच्या मोहिमेत त्यांनी पाच एकरातली दीड एकर आत्यांच्या नावावर केली. घरातल्या थोरल्यांनी दोन महिने अबोला धरला होता म्हणे. त्या तुकड्याला घरात अजून "आईचं" म्हणतात. बाकीच्या रानात सोयाबीन आलं, ट्रॅक्टरची पेरणी आली. आईच्या तुकड्यात मात्र शेवटपर्यंत तूर, मूग, उडीद, करडई, बांधाला अंबाडी आणि शाळू.

मग 30 सप्टेंबर 1993. पहाटे चार वाजायच्या आत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. आमचं गाव किल्लारीसारखं भुईसपाट झालं नाही, पण सतरा माणसं गेली. दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. आत्या म्हणायच्या, "भूकंपानं न्हाई मारलं, आमच्याच भिंतीनं मारलं."

पुनर्वसनाच्या वेळी घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या. आत्या त्यांतल्या एक. अक्षरओळख नाही, पण कुणाच्या भिंतीला कुठे चीर आहे, कुणाचा हप्ता आला, कुणाचा अडला, सगळं तोंडपाठ. भिंतीची दोन तोंडं एकमेकांना बांधून ठेवायला आरपार दगड लागतो, कोपरे जखडावे लागतात, माळवदावरची माती उतरवावी लागते, हे त्या गवंड्याला उभं राहून सांगायच्या. गवंडी म्हणायचा, "मला शिकवायलीस का?" तर म्हणायच्या, "शिकवत न्हाई, बघायले."

त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. बचत गट, पोलिओचे डोस, पाणलोटाची कामं, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेणं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या टँकरपुढे भांडणं होऊ नयेत म्हणून रोज पहाटे त्या घागरींची रांग लावायच्या. साठी उलटलेली बाई. एका पैशाचं मानधन नाही, कुठल्या कागदावर नाव नाही.

आता प्रश्न. आईच्या दीड एकराला वारस लागायचे आहेत. माझे पती, दीर आणि दोन नणंदा. घरात, भावकीत सगळे म्हणतात, बहिणींकडून हक्कसोड करून घ्या, म्हणजे हिश्श्यावरचा हक्क सोडल्याच्या त्यांच्या सह्या घ्या. आत्यांनी मात्र हयातीत मला दोनदा बजावलं होतं, "पोरींच्या सह्या घेऊ देऊ नगस." मृत्युपत्र केलेलं नाही. माझं ऐकणार कोण, मी सून. तुमच्याकडे काय झालं ते सांगाल का? आणि ती "घरकाम" नोंद बदलता येते का?

---

माळरानी

ताई, वाचून डोळे भरून आले. माझी आई ऊसतोडीला जायची. बीड जिल्ह्यातून कारखान्याला सहा महिने. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, उचल नवऱ्याच्या हातात. आई अर्धा कोयता होती. तिच्याही सगळ्या कागदांवर "गृहिणी" आहे.

---

गावनमुना

मी महसूल खात्यात 34 वर्षं काढली, त्यातली बरीच तलाठी म्हणून (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). क्रमाने सांगतो.

वारस नोंदीसाठी अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारसांबाबतचं स्वयंघोषणापत्र लागेल. अर्ज ऑनलाइनही करता येतो. आधी गाव नमुना 6-क म्हणजे वारस नोंदवहीत नावं लागतात, मग नमुना 6 ला फेरफार (मालकी बदलाची नोंद) पडतो, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आई हिंदू असतील, मृत्युपत्र नसेल आणि पती आधीच गेले असतील तर मुलगे आणि मुली सारख्याच हिश्श्याचे वारस. यात कुणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट ठळक सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. वारस लावणं आणि हक्कसोड या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली झाल्याशिवाय दुसरीची घाई करायची नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, बहिणीने दुय्यम निबंधकासमोर स्वतः उभं राहून करायचं असतं. "वारस लावायला सही लागते" म्हणून तेरवीच्या पंगतीत कोऱ्या कागदावर सह्या घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. नणंदांना सांगा, वाचल्याशिवाय कशावरही सही नको.

मृत्यूच्या फॉर्ममधला व्यवसाय सांख्यिकी माहितीच्या भागात असतो, दाखल्यावर तो छापून येत नाही. म्हणून लोक त्याकडे लक्ष देत नाहीत. पण देशाची आकडेमोड त्याच भागावरून होते. चूक झाली असेल तर निबंधकाकडे, म्हणजे तुमच्या ग्रामपंचायतीतच, दुरुस्तीचा अर्ज देऊन बघा.

---

काळी_माती

भावना समजतात, पण दुसरी बाजूही मांडू द्या. मी स्वतः चार एकरवाला आहे. दीड एकर म्हणजे 60 गुंठे. चौघांत 15 गुंठे. त्यांची पोरं वाढली की चार-चार गुंठे. एक बहीण पुण्यात, एक सोलापुरात, आणि पीक कर्जासाठी बँकेत सगळ्यांच्या सह्या लागणार. शेती करणारा कागद घेऊन गावोगाव फिरत बसतो. आमच्या विहिरीवरच्या मोटारीचं वीज कनेक्शन एका आत्याच्या (वडिलांच्या बहिणीच्या) सहीसाठी तीन वर्षं अडलं होतं. बहिणीचं लग्न, आंदण, बाळंतपण, दिवाळी हे भाऊच करतो ना? हक्कसोड म्हणजे बहिणीवर अन्याय, असं सरसकट म्हणू नये.

---

दूरची_लेक

काळी_माती दादा, मी ती सही केलेली बहीण आहे. 2012 साली. भावांवर माया होती, अजून आहे. त्या दिवशी साडी नेसवली, जेवू घातलं, डोळ्यांत पाणी होतं सगळ्यांच्या. चार वर्षांनी माझा नवरा गेला. माहेरी जाऊन राहिले तेव्हा पहिले दोन महिने लेक होते, तिसऱ्या महिन्यापासून पाहुणी झाले. कुणी वाईट बोललं नाही. फक्त मी शेतात गेले की वहिनी म्हणायची, "तुम्ही कशाला त्रास घेता?" ज्या रानात मी लहानपणी पाखरं राखली, तिथे मला कामाला हात लावायचीही चोरी झाली.

दिवाळीची साडी आणि जमिनीचा हिस्सा एका तराजूत घालू नका, एवढीच विनंती. साडी देणाऱ्याच्या मनावर असते.

---

गावनमुना

काळी_माती यांची अडचण खोटी नाही, सह्यांचा त्रास मी रोज पाहिला आहे. पण नाव लागलं म्हणजे वाटणी झाली असं नाही. सामाईक खात्यात चौघांची नावं राहतात, वहिवाट एकाची राहू शकते. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, तो तुकडे पाडण्याबद्दल आहे, नावं लावण्याबद्दल नाही. आणि तुकडे काय फक्त बहिणींमुळेच पडतात? चार भाऊ असते तर हेच 15 गुंठे आले असते, तेव्हा कुणी कुणाकडे हक्कसोड मागितली नसती.

---

आशा_तिसरा_वाडा

ताई, मी गावची आशा. आमच्या पदाचं पूर्ण नाव माहीत आहे ना, "आशा स्वयंसेविका". साधारण हजार लोकवस्तीमागे एक. कागदोपत्री आम्ही कर्मचारी नाही, स्वयंसेवक. पगार म्हणत नाहीत, मोबदला म्हणतात. कामाप्रमाणे मोजून.

तुमच्या सासूबाईंच्या वेळी तेवढंही नव्हतं. माझ्या आधी आमच्या गल्लीत अशीच एक म्हातारी होती, तिच्या सांगण्यावरून बाया लसीला यायच्या. मी नवीन लागले तेव्हा रजिस्टर माझ्याकडे आणि माहिती तिच्याकडे. कोण कितव्या महिन्याची, कुणाला रक्त कमी, कोण सांगत नाही पण उलट्या होतात, ती चुलीपाशी बसून सांगायची आणि मी लिहायची. अहवालावर सही माझी.

एक गोष्ट खटकते ती बोलते. "किती निःस्वार्थी" म्हणून टाळ्या वाजवतात, तेव्हा मला भीती वाटते. निःस्वार्थी म्हटलं की पैसे मागायची सोय राहत नाही. नवऱ्याने गावासाठी चार दिवस घालवले तर तो पुढारी होतो. बाई गेली तर घरी विचारतात, "रिकामी आहेस का?"

---

निफाडची_आजी

बाळांनो, मी 73 वर्षांची आहे, नात टाइप करून देते आहे.

लाल बिल्ल्याचं वाचलं आणि राहवलं नाही. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986, चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, मी गेले होते. नाशिक जिल्ह्यातलंच ते, पण बायका कुठून कुठून आल्या होत्या, ट्रकमधून, भाकरी बांधून. एवढ्या बायका एका जागी मी जत्रेतसुद्धा बघितल्या नव्हत्या. मांडवात मुलं रडत होती आणि बायका ऐकत होत्या. पुढे लक्ष्मी मुक्ती आली. ज्या गावात शंभर जण बायकोच्या नावावर जमीन करतील तिथे शरद जोशी स्वतः येणार, असं होतं. आमच्या घरच्यांनी केली नाही. गावातल्या ज्यांनी केली त्या बायकांचं चालणं बदललेलं मी बघितलं आहे.

सरकारनेही 1992 ला परिपत्रक काढलं, नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं. किती जणांनी अर्ज दिले, ते तुमच्या तुमच्या उताऱ्यावर बघा.

बांधावरची, तू सासूबद्दल सगळं लिहिलंस. तुझं नाव कुठे आहे ते लिहिलं नाहीस.

---

तिफण

आजी, अगदी नेमकं विचारलंत.

मी कृषी पदवीधर आहे, एक आकडा देतो. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत बायका 14 टक्क्यांच्या आत होत्या आणि त्यांच्याकडचं क्षेत्र साधारण 12 टक्के. हे उताऱ्यावरचं चित्र. रानात जाऊन डोकी मोजली तर खुरपणीला, वेचणीला, काढणीला कोण असतं हे इथे कुणाला सांगायला नको. पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपये ज्याचं नाव उताऱ्यावर त्याला. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा तर उतारा. पीक विमा, कर्ज, अनुदान, नुकसानभरपाई, सगळीकडे पहिला कागद सातबारा. त्यामुळे "व्यवसाय : घरकाम" ही नुसती शब्दांची गोष्ट राहत नाही.

दुसरं, आईच्या तुकड्यातलं बियाणं कुणी सांभाळलं आहे का? गावरान तूर-उडीद असेल तर कृपा करून मोडू देऊ नका. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंनी हेच काम केलं, त्यांना पद्मश्री मिळाली. पण गावोगाव अशा बायका होत्या ज्यांचं बी त्यांच्याबरोबरच संपलं.

---

बांधावरची

सगळ्यांचे आभार. दोन दिवस वीज नव्हती, म्हणून उशीर झाला.

तिफण, बियाणं आहे. तूर राखेत कालवून माठात ठेवलेली आहे, वरून कडुलिंबाचा पाला आणि शेणाने लिंपलेलं तोंड. उडीद कडक उन्हात वाळवून ठेवला आहे. कोणती शेंग बियाला धरायची हे त्या पीक उभं असतानाच ठरवायच्या आणि त्या झाडाला लाल चिंधी बांधायच्या. काढणीवाल्या बायांना माहीत असायचं, चिंधीच्या झाडाला हात लावायचा नाही. यंदा त्या चिंध्या मी बांधल्या होत्या, त्या बाजेवरून बोटाने दाखवत होत्या.

आशाताई, तुमच्या बोलण्यावरून एक लिहायचं धाडस करते. पहिल्या पोस्टमध्ये मी ते टाळलं होतं.

आत्या गावाला वेळ देत होत्या, तेव्हा घरी मी होते. त्या मिटिंगला गेल्या की दोन म्हशींची धार, शेणपाणी, आठ माणसांच्या भाकरी माझ्यावर. धाकटा मुलगा तापाने फणफणला होता त्या रात्री त्या दुसऱ्या वाड्यातल्या बाळंतिणीला घेऊन तालुक्याला गेल्या होत्या. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तिला कुणी नव्हतं. तुला मी हाय म्हणून तुझं उद्यावर ढकललं." मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या समाजकार्यातला अर्धा हात माझा होता, हे त्यांना माहीत होतं. गटाच्या बायकांना त्या सांगायच्या, "मी हितं बसलेय ती सुनेच्या जिवावर." हे मला त्या गेल्यावर, सांत्वनाला आलेल्या बायकांकडून कळलं. माझ्या तोंडावर कधी म्हणाल्या नाहीत.

आता गटाचं सांगते, त्यात एक कोडं आहे.

1999 साली गट सुरू झाला, महिन्याला 20 रुपये बचत. सावकाराचं व्याज महिन्याला शेकडा पाच होतं, गटाचं दोन ठेवलं. रजिस्टर शाळेतली एक मुलगी लिहायची. पण निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं आणि आत्यांनाही नाही. "कागदावर काय लिव्हलंय ते ज्याचं त्याला कळंना, मग इस्वास कशावर ठिवायचा?" म्हणून त्यांनी आपली रीत काढली. कर्ज घेणारीने आपल्याच जुन्या लुगड्याची चिंधी आणायची. जितके हप्ते तितके चिंचोके मोजून त्या चिंधीत बांधायचे. हप्ता भरला की बाईने स्वतःच्या हाताने एक चिंचोका काढून टाकायचा. दुसऱ्या कुणी काढायचा नाही. कुणाची पुरचुंडी कुठली हे कापडावरून ओळखू यायचं, आणि किती राहिलं ते बोटांनी दाबून. रजिस्टर आणि पुरचुंडी महिन्याला ताडून बघायचे. पुढे उमेदचं, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं, प्रशिक्षण आलं, बँकेचं कर्ज आलं, छापील पुस्तकं आली, तरी म्हाताऱ्या बायकांनी पुरचुंड्या सोडल्या नाहीत.

त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तळाशी एक पुरचुंडी निघाली. आत चार चिंचोके. कापड पांढरं, कुठल्याच लुगड्याचं नाही. रजिस्टरात तर थकबाकी कुणाचीच नाही. येत्या शनिवारी बैठकीत घेऊन जाणार आहे.

आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: माझं नाव रेशनकार्डावर आहे. उताऱ्यावर कुठेच नाही.

---

काळी_माती

ताई, चिंचोक्यांचं वाचून गप्प झालो. माझं मत तुकड्यांबद्दल तेच आहे. पण काल आमचा उतारा काढून बघितला. आमची आई 41 वर्षं या रानात आहे, आजींनी सांगितलं म्हणून शोधलं, तिचं नाव नाही. ती शेजारीच बसून लसूण सोलत होती. तिला विचारलं, "तुझं नाव लावू का?" तर म्हणाली, "मला काय करायचंय?" थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली, "लावायला किती पैसे लागतेत?"

गावनमुना काका, अर्ज कसा करायचा ते सांगता का?

---

गावनमुना

जमीन वडिलांच्या नावावर आहे ना? मग अर्ज वडिलांनी करायचा, पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी, लक्ष्मी मुक्ती योजनेचा उल्लेख करून. सोबत चालू सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), दोघांचे ओळखीचे पुरावे. पुढे फेरफाराची तीच वाट. कार्यालयात कुणी "अशी योजना नाही" म्हणालं तर वाद न घालता अर्ज आवक नोंदवहीत द्या आणि पोच घ्या. पोच हातात असली की पुढचं बोलणं सोपं होतं.

---

माळरानी

पुरचुंडीचं काय झालं ताई? शनिवार होऊन गेला.

---

बांधावरची

हो, लिहायचंच होतं. पेरणीची तयारी चालू आहे, मृगाचा एक चांगला पाऊस झाला.

शनिवारी पुरचुंडी बैठकीत मध्ये ठेवली. सगळ्यात म्हाताऱ्या सभासद मावशींनी कापड डोळ्यांजवळ नेलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "हे धोतर हाय. तुज्या सासऱ्याचं."

2010 च्या पेरणीला घरात पैसा नव्हता. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आत्यांना गटातून कर्ज काढायला सांगितलं. गट सभासदालाच देणार, म्हणून रजिस्टरात नाव आत्यांचं. पण त्यांनी बैठकीत सांगितलं, घेणारा जो हाय त्याची चिंधी पायजे. मामांनी आपल्या धोतराचा काठ फाडून दिला. दहा हप्ते, दहा चिंचोके. दर महिन्याला मामा दाराशी यायचे, आत यायचे नाहीत, बाहेरूनच हात घालून एक चिंचोका काढायचे आणि जायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. सहा हप्ते झाले आणि 2011 च्या सुरुवातीला मामा गेले.

उरलेले चार हप्ते आत्यांनी खुरपणीच्या मजुरीतून भरले, रजिस्टरात ते पान फिटलेलं आहे. चिंचोके तेवढे त्यांनी काढले नाहीत. ज्याचे त्यानेच काढायचे, अशी त्यांचीच रीत होती.

पुरचुंडी तशीच पेटीत ठेवली आहे.

वारसांचं सांगते. मी दोन्ही नणंदांना फोन करून आत्यांचं बोलणं जसंच्या तसं कळवलं. थोरल्या नणंदबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला रान नको गं. पण आईच्या नावाखाली माझं नाव असावं वाटतंय." दीर नाराज आहेत. माझे पती आधी त्यांच्याच बाजूने होते. गावनमुना काकांची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली, चार भाऊ असते तर, ते वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. 6-क ला चौघांची नावं दिली आहेत. नोटीस लागली आहे, हरकतीचे पंधरा दिवस चालू आहेत. दीर हरकत घेणार नाहीत असं वाटतं, पण बोलत नाहीत. मामांनी नाव लावलं तेव्हाही घरात दोन महिने अबोला होताच.

व्यवसायाच्या दुरुस्तीचा अर्ज दिला. "शेती" असं लिहिलं. ग्रामपंचायतीतल्या माणसाने विचारलं, "एवढ्यासाठी अर्ज?" मी हो म्हणाले आणि पोच घेतली.

माझ्या स्वतःच्या नावाचं अजून घरात बोलले नाही. आधी पेरणी होऊ दे. आईच्या तुकड्यात यंदाही बैलाची तिफण लावणार आहोत, ती शेजारच्या गावातून सांगून ठेवली आहे. धाकट्या नणंदबाई सुट्टी काढून येत आहेत. चाड्यावर मूठ कोण धरणार ते काल पतींनी विचारलं. मी आठ दिवस रोज संध्याकाळी अंगणात परातीवर उडीद सोडून बघते आहे. अजून दाट पडतो.